हुंकारचं गालबोट

“...ते ठीक आहे, पण उद्या कॅमेऱ्यासमोर मी नेमकं बोलू काय?”

सिद्धाप्पाबुवा समई घासत होते. राख घेऊन, चिंधीनं, सावकाश. उत्तर द्यायची घाई समईला नव्हती आणि त्यांनाही नव्हती.

“जे आहे ते बोल.”

“जे आहे ते सांगायला दोन मिनिटं पुरतात, बुवा. त्यांनी मला दहा दिली आहेत.”

“मग उरलेला वेळ गप्प बस.”

माझ्या सासूबाई पदराआड खुदकन हसल्या. मी हसले नाही. थेट प्रक्षेपणात गप्प बसता येत नाही, हे या माणसाला कसं समजवायचं?

सांगलीहून गारमाळाच्या टेकडीवरच्या या मठात मी आले होते ती सासूबाईंच्या हट्टानं. त्यांना मी आई म्हणते. आईंच्या माहेरचं कुठलंही काम बुवांना सांगितल्याशिवाय झालेलं नाही. मठ म्हणजे एक खोली, एक पिंपळ आणि एक विहीर. बुवा भविष्य सांगत नाहीत, अंगारा देत नाहीत, म्हणून गर्दीही नसते. चढताना विहिरीपाशी एक पाटी दिसली होती. ती मी नीट वाचली आणि माझी वाचण्यात चूक झाली असं समजून पुढे आले.

मांडीवर जुई होती, सात महिन्यांची. अंगात नवा फ्रॉक. उद्या कॅमेऱ्यात कसा दिसेल ते बघायला आजच घातलेला.

“बुवा, आधी हे बघा,” आई म्हणाल्या आणि पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं.

कात्रणाला त्यांनी लॅमिनेशन करून आणलं होतं. माझी बारावीची गुणपत्रिकासुद्धा आमच्या घरी इतक्या मानानं कुणी जपली नाही.

बुवांनी हात पुसले. कात्रण उजेडाकडे धरलं आणि मोठ्यानं वाचलं.

“बाळ का रडतं? आईचं ॲप सांगतं अचूक.”

“आमची केतकी,” आई म्हणाल्या. “हिनं एकटीनं बनवलंय. हुंकार नाव त्याचं. बाळ रडायला लागलं की फोन जवळ धरायचा. वाटीचं चित्र आलं तर भूक, उशीचं आलं तर झोप, आणि पोटाचं आलं तर पोट दुखतंय. बातमी आल्यापासून फोन थांबत नाही बघा. आता टीव्हीवाले येणार. म्हणून म्हटलं, दृष्ट लागायच्या आत बुवांकडे नेऊन आणावी.”

माझा दृष्ट लागण्यावर विश्वास नाही. बॅटरी उतरण्यावर आहे.

बुवा फोटो बघत होते. फोटोत मी, मांडीवर जुई आणि माझ्या हातात फोन. आम्ही तिघंही हसत होतो, म्हणजे फोनवरचं चिन्हसुद्धा. ते एका गोबऱ्या बाळाचं आहे.

“पोरीच्या गालाला बोट नाही.”

“मी रोज लावते हो,” आई लगेच म्हणाल्या. “फोटोच्या दिवशी हिनं ओल्या रुमालानं पुसून काढलं.”

“फोटोत डाग दिसतो, आई.”

“डाग म्हणते,” आई बुवांना म्हणाल्या.

बुवांनी कात्रण थोडं खाली सरकवलं. आईंनी कात्री सैल हातानं चालवली होती, त्यामुळे खालच्या बातमीचा मथळाही आमच्याबरोबर लॅमिनेट झाला होता. बुवांनी तोही वाचला.

“जत्रेला गालबोट. पाळणा मध्येच बंद, भाविक अडकले...”

“ते आमचं नाही,” मी म्हणाले.

“शेजारी आहे.”

मग ते पुन्हा समई घासायला लागले. बाजूला एका करवंटीत त्यांनी समईची काजळी खरवडून ठेवली होती. वर तुपाचा थेंब. टेकडीखालच्या बाया पोरांसाठी ती घेऊन जातात.

मला राहवेना.

“बुवा, अशी संधी एकदाच येते. आज सगळे विचारतायत. पंधरा दिवसांनी कुणी ओळखणारसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे, आत्ता जे बोलशील त्यावर पुढचं सगळं ठरेल. पुण्याची एक कंपनीही उद्याचा कार्यक्रम बघणार आहे. मला फक्त एवढंच कळायला हवंय, की या संधीचं सोनं कसं करायचं.”

“विहिरीवरची पाटी वाचलीस?”

“वाचली.”

“काय लिहिलंय?”

मला सांगायला संकोच वाटला. “या पाण्याने साखर उतरत नाही. तहान भागते.”

“बरोबर वाचलीस.”

“पण अशी पाटी कोण लावतं?”

“मी.”

आईंना ती गोष्ट माहीत असावी, कारण त्या सरसावून बसल्या. बुवांनी मात्र ती चार वाक्यांत उरकली. मागे एकदा एक पत्रकार वर आला. दमला होता, पाणी प्याला, बरं वाटलं. त्यानं छापलं, की या विहिरीच्या पाण्यानं मधुमेह जातो.

“मग?”

“मग टेकडी दिसेना. नुसते पाण्याचे कॅन.”

“आणि तुम्ही ही पाटी लावलीत?”

“लगेच नाही.”

“का?”

बुवांचा हात समईवर थांबला.

“बरं वाटत होतं.”

मी खाली बघितलं. जुईच्या फ्रॉकवरची फुलं मोजत राहिले.

“एक जण गोळ्या बंद करून आला,” बुवा म्हणाले. “पायाची जखम दाखवली त्यानं. म्हणाला, बुवा, किती तांबे पिऊ? ...त्या दिवशी रंग आणला.”

“मग गर्दी गेली असेल.”

“गेली.”

“म्हणजे मिळालेली संधी घालवलीत तुम्ही.”

आईंनी माझा हात दाबला. पण बुवांना राग आला नव्हता. ते विचार करत होते.

“गर्दी गेली,” ते म्हणाले. “पाणी राहिलं.”

असली वाक्यं ऐकायला छान असतात. ती बोलणाऱ्याला उद्या सकाळी कुणी माईक लावणार नसतो.

“तुमचं वेगळं आहे, बुवा,” मी म्हणाले. “हुंकार म्हणजे काही भोंदूगिरी नाही. कितीतरी बाळांची रडणी ऐकवून मी ते शिकवलंय. ते बऱ्याचदा बरोबर सांगतं.”

“बऱ्याचदा.”

“हो.”

“इथं ‘अचूक’ लिहिलंय.”

“मी ‘बऱ्याचदा’ म्हणाले होते. त्यांनी ‘अचूक’ छापलं. ‘बऱ्याचदा’ला मथळ्यात जागा पुरली नसेल.”

“मग तू त्यांना सांगितलंस?”

विहिरीवर कुणीतरी बादली सोडली. रहाटाचा आवाज वरपर्यंत आला.

“बरं वाटत होतं,” मी म्हणाले.

याच वेळी जुईनं गळा काढला.

साधी कुरकुर नव्हती ती. मुठी आवळून, लालबुंद होऊन, टाहो. मी तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, उभी राहिले, बसले. आई म्हणाल्या, “दे इकडे,” आणि मी दिली नाही. ती रडायला लागली की जगातल्या सगळ्या आया माझ्याकडे बघतायत असं मला वाटतं.

“विचार की तुझ्या यंत्राला,” बुवा म्हणाले.

टोमणा असेल तर मला कळला नाही. मी फोन काढला. खरं सांगायचं तर बरंच झालं, असं वाटलं. आता बघतीलच हे.

फोन जुईजवळ धरला. काचेवरचा गोल फिरला, थांबला. वाटी आली.

“भूक आहे,” मी म्हणाले.

पाठ फिरवून मी तिला पाजायला घेतलं. तिनं तोंड फिरवलं आणि आणखी जोरात रडली.

पुन्हा फोन धरला. उशी.

मी झोपवायला लागले. मांडीवर आडवी घेतली तशी ती धनुष्यासारखी ताठ झाली.

पुन्हा फोन. पुन्हा वाटी.

“ते... आजूबाजूला आवाज असला की गोंधळतं कधीकधी,” मी म्हणाले. मठात तसा दुसरा आवाज कुठलाच नव्हता.

“पोरी,” बुवा म्हणाले, “फोन खाली ठेव.”

“पण...”

“दोन्ही हात मोकळे कर.”

ठेवला. जुईला समोर उभी धरली. डोकं चाचपलं, कान चाचपले, काखा, पोट, पाय. मग मानेमागे हात गेला आणि बोटाला काहीतरी टोचलं.

नव्या फ्रॉकचं लेबल. त्याची प्लास्टिकची टोकदार दोरी मी काढलीच नव्हती. मानेवर लाल ओरखडा उठला होता.

दातांनीच तोडली. फुंकर घातली. जुईनं दोन हुंदके दिले, माझ्या केसांची बट पकडली आणि गप्प झाली. मग जणू काही झालंच नाही अशी बुवांच्या समईकडे बघून हसली.

“टीव्हीचा फ्रॉक,” आई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, हे त्यांचे उपकार.

मला रडू येत होतं. ते कुठल्या चित्रात बसलं असतं, कोण जाणे.

“तुझ्या यंत्रात टोचण्याचं चित्र नाही?” बुवांनी विचारलं.

“नाही. तीनच आहेत.”

“मग त्यानं वाटी का दाखवली?”

“त्याला तिन्हींतलं एक दाखवावंच लागतं. जे जास्त जवळचं वाटेल ते.”

“माहीत नसलं तरी?”

“...हो.”

“माहीत नाही, असं ते म्हणतच नाही?”

“त्याला तसं शिकवलेलं नाही.”

“शिकवलं कुणी त्याला?”

मी जुईच्या मानेवर पुन्हा फुंकर घातली. आता गरज नव्हती.

“मी,” मी म्हणाले.

बुवांनी समई उलटी करून तळ पुसायला घेतला. पुढचं बोलणं माझ्यावर सोडलं होतं, आणि मला तर शांतता सहनच होत नाही.

“एका बाईंचा फोन आला होता,” मी म्हणाले. आईंनाही हे माहीत नव्हतं. “मिरजेच्या. नसीमा नाव. त्यांची मुलगी रडत होती, हुंकारनं उशी दाखवली, त्या झोपवत बसल्या. सकाळी कळलं, कान दुखत होता तिचा. आत पू झाला होता. आता बरी आहे. त्या भांडल्या नाहीत, बुवा. त्यांनी फक्त विचारलं, ताई, हे ताप कधी दाखवतं? आजार कधी दाखवतं?”

“तू काय म्हणालीस?”

“म्हणाले, बघते आणि कळवते.”

“बघितलंस?”

“बघायला काय आहे त्यात? ते दाखवतच नाही. मला आधीच माहीत होतं.”

“मग कळव.”

“कळवीन. उद्याचं एकदा होऊ दे...”

बोलून झाल्यावर ते वाक्य माझं मलाच ऐकू आलं.

आईंनी हात पुढे केले. या वेळी मी जुई त्यांच्याकडे दिली.

“रेंज विहिरीपाशीच येते,” आई म्हणाल्या.

पाटीला टेकून मी फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी, मग नसीमाचा आवाज.

“बोला ताई! टीव्हीवर येणार म्हणे तुम्ही?”

“नसीमाताई, हुंकारला ताप कळत नाही. आजारही कळत नाही. आणि तीनपेक्षा वेगळं काही झालं तरी ते त्या तिन्हींतलंच एक सांगतं. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं.”



“असं होय,” ती म्हणाली. “मला वाटलं, मलाच वापरता येत नाही.”

मी डोळे मिटून घेतले. मलाच जमत नाही, असं मी दिवसभर स्वतःला जे म्हणत असते, ते मी दुसऱ्या एका आईला म्हणायला लावलं होतं.

“काढून टाकलंत का?” मी विचारलं.

“ॲप? छे हो! आहे की. माझे मालक ट्रकवर असतात. घरात मी आणि ही. पोरगी रडायला लागली की ते आपलं गोल गोल फिरतं. वाटतं, कुणीतरी ऐकतंय आपल्याबरोबर. चुकलं तर चुकलं. माझी आई काय चुकत नव्हती? पण तिला कळलं नाही की ती सांगायची तरी, मला कळंना बाई, दवाखान्यात ने.” मग ती हसली. “तुमच्या ॲपला तेवढं बोलायला शिकवा. मग ते पक्की नानी झालं.”

फोन ठेवल्यावर मी पोहरा ओढला आणि पाणी प्यायले. चढ चढून आल्यावरच प्यायला हवं होतं. तेव्हा पाटी बघून थांबले नव्हते. पाणी गार होतं. साखरेचं माहीत नाही.

वर आले तेव्हा समई लखलखत होती. बुवा वाती वळत होते. जुई आईंच्या मांडीवर त्यांच्या बांगड्या मोजल्यासारख्या फिरवत होती.

“चौथं चित्र घालते,” मी एका दमात सांगितलं. “दोन रिकाम्या हातांचं. खाली लिहायचं, मला कळत नाही, बाळाला उचलून बघा, ताप वाटला तर दवाखान्यात न्या. आजच बसवते. आणि उद्या तेच आधी दाखवते. ‘अचूक’ हा शब्द माझा नाही, हेही सांगते.”

“बरं,” बुवा म्हणाले.

मला वाटलं होतं, ते शाबास म्हणतील. निदान मान तरी डोलावतील. त्यांनी दुसरी वात घेतली.

माझा धीर तिथंच सुटला.

“पण बुवा, दहा मिनिटांतली पहिली मिनिटं मी हे कळत नाही, ते कळत नाही, असंच सांगत बसले तर? निवेदिका हसली तर? ती पुण्याची कंपनी तर मध्येच बंद करेल. लोक म्हणतील, हिचं हिलाच धड माहीत नाही. सगळे कौतुक करतायत, आणि मी माझ्या हातानं... हे एवढं देखणं झालंय, आणि मी माझ्याच हातानं...”

बुवांनी वात खाली ठेवली. करवंटी जवळ ओढली आणि काजळीत बोट बुडवलं.

आईंनी लगबगीनं जुईचा गाल पुढे केला.

बुवांनी दुसरा हात माझ्याकडे पसरला.

“फोन दे.”

मी दिला. काचेवर हुंकारचं चिन्ह होतं, ते गोबरं, हसरं, स्वच्छ बाळ. बुवांनी फोन नीट धरला, डोळे बारीक केले आणि त्या बाळाच्या गालावर काजळीचा ठसठशीत ठिपका लावला.

मग फोन माझ्या हातात परत दिला.

माझा दुसरा हात सवयीनं पिशवीतल्या ओल्या रुमालाकडे गेला.

बुवा बघत होते. आईही बघत होत्या. जुईनं तो काळा ठिपका बघितला, त्याच्याकडे हात केला आणि खळखळून हसली.

हात पिशवीतच थांबला.

“बुवा... उद्या सगळ्यांसमोर, असं?”

“गालबोट आईनं लावायचं असतं, पोरी,” बुवा म्हणाले. “लोकांनी लावलं, की त्याची बातमी होते.”